डोमेनबद्दल ईमेल आलाय: खरा की फसवा, कसं ओळखायचं?

डोमेन नाव विकत घेतलं की काही दिवसांतच ईमेल सुरू होतात. तुमच्या डोमेनची मुदत संपतेय, पत्ता पडताळून घ्या, खातं बंद होणार आहे, तुमच्या नावाचं डोमेन दुसरंच कुणी घेतंय. बहुतेक सगळे इंग्रजीत आणि सगळ्यांनाच घाई. नवखा माणूस मग दोनपैकी एक करतो: घाबरून पैसे भरतो, नाहीतर सगळंच फसवं समजून कचऱ्यात टाकतो. दुसरी सवय शहाणपणाची वाटते, पण तीही महागात पडते. कारण या ढिगात एखाददुसरा ईमेल असा असतो की त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तर वेबसाइट खरोखर बंद पडते.

‘स्पेलिंगच्या चुका दिसल्या की समजा खोटा’ हा जुना सल्ला आता सोडून द्या. फसवे ईमेल हल्ली चोख इंग्रजीत येतात, आणि खऱ्या कंपन्यांचे ईमेल कित्येकदा इतके ओबडधोबड असतात की शंका यावी. ईमेलच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या डोमेनच्या नोंदीत काय आहे ते बघायचं. नोंद कुठे असते आणि कशी वाचायची, तिथूनच सुरुवात करू.

पायरी १: आपला रजिस्ट्रार कोण, हे आधी शोधा

हे काम ईमेल यायच्या आधी करून ठेवायचं. ज्या कंपनीकडे तुमच्या डोमेनची नोंदणी आहे ती रजिस्ट्रार. तिच्या वर रजिस्ट्री असते, म्हणजे एका शेवटाच्या सगळ्या नावांची मूळ यादी सांभाळणारी संस्था: डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट इनची आपली निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ओआरजी यांसारख्या नावांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. तुमचा पैशाचा व्यवहार मात्र फक्त रजिस्ट्रारशी, किंवा त्याच्या वतीने विकणाऱ्या रीसेलरशी. व्हेरिसाइन तुम्हाला बिल पाठवत नाही, आणि आयकॅन कुणाकडूनही नूतनीकरणाचे पैसे थेट घेत नाही. ‘आयकॅनची थकबाकी भरा’ असा ईमेल आला तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही. उलट खऱ्या रजिस्ट्रारच्या ईमेलमध्ये ‘आयकॅनच्या नियमानुसार’ असं वाक्य बऱ्याचदा असतंच, तेव्हा नुसतं ते नाव दिसलं म्हणून ईमेल खोटा ठरवू नका.

रजिस्ट्रार शोधण्यासाठी ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून आयकॅनच्या लुकअप पानावर जा (पत्ता: लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी) आणि आपलं डोमेन टाका. डॉट इनसाठी निक्सीचं रजिस्ट्री डॉट इन हे संकेतस्थळ आहे. जमिनीचा जसा सातबारा तशी ही डोमेनची नोंद. पूर्वी तिला हूइज म्हणत. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी जानेवारी २०२५ पासून आरडीएपी ही नवी पद्धत अधिकृत झाली, पण बोलताना लोक अजून हूइजच म्हणतात. मालकाचं नाव-पत्ता तिथे बहुधा झाकलेला असेल. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाल्यापासून ते तसंच आहे, त्यात काळजीचं काही नाही. आपल्याला हव्यात तीन गोष्टी: रजिस्ट्रारचं नाव, मुदतीची तारीख आणि डोमेनची स्थिती. वहीत लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा.

इथे बऱ्याच जणांची गडबड होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे छोट्या धंद्यांची वेबसाइट बहुधा कुणीतरी ‘करून दिलेली’ असते. क्लास असो, होमस्टे असो, मसाल्याचं दुकान असो. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेनही स्वतःच्याच खात्यातून, स्वतःचा ईमेल टाकून घेतलेलं असतं. मग होतं असं, की रजिस्ट्रारचे खरे ईमेल सगळे त्याच्याकडे जातात आणि तुमच्या वेबसाइटवर ‘संपर्क’ म्हणून दिलेल्या पत्त्यावर येतात ते फक्त फसवे, कारण भामट्यांनी तो पत्ता पानावरूनच उचललेला असतो. तुमचं असं असेल तर साधी गोष्ट लक्षात घ्या: संपर्काच्या पत्त्यावर आलेला नूतनीकरणाचा कुठलाही ईमेल जवळपास नक्कीच खोटा, आणि खऱ्या मुदतीची तुम्हाला खबरच नाही. वेबसाइटवाल्याला फोन करून विचारा, डोमेन कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे आणि नोंदीत कुणाचा ईमेल आहे. तो टाळाटाळ करत असेल तर ती फसव्या ईमेलपेक्षा मोठी अडचण समजा.

दुसरी गोम रीसेलरची. तुम्ही डोमेन नाशिकच्या एखाद्या होस्टिंगवाल्याकडून घेतलं असेल, पण नोंदीत रजिस्ट्रार म्हणून ‘पीडीआर लिमिटेड’ दिसेल. घाबरू नका. पीडीआर, म्हणजे पब्लिक डोमेन रजिस्ट्री, ही घाऊक काम करणारी कंपनी आहे. अनेक छोटे विक्रेते तिच्या किंवा टूकाऊजसारख्या कंपनीच्या नावावर नोंदणी करतात. अशा वेळी पडताळणीचा खरा ईमेलही कधी न ऐकलेल्या नावाने येऊ शकतो. शिवाय कंपन्या विकल्या जातात. २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला, तेव्हा गूगलकडून डोमेन घेतलेल्या लोकांना स्क्वेअरस्पेसचे ईमेल यायला लागले. ते खरे होते, दिसत मात्र हुबेहूब फसवे. म्हणून अनोळखी नावाचा ईमेल आला की आधी नोंद पुन्हा उघडून बघायची आणि मग ठरवायचं.

पायरी २: खरे ईमेल कोणते आणि कधी येतात

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ओआरजीसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारवर आयकॅनच्या नियमांचं बंधन असतं, त्यामुळे खऱ्या ईमेलचं वेळापत्रक ठरलेलं असतं.

नूतनीकरणाची आठवण मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एकदा आणि साधारण आठवडाभर आधी एकदा पाठवावीच लागते. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. काही रजिस्ट्रार दोन-तीन महिने आधीपासून पाठवत राहतात, त्यात गैर काही नाही. पण नोंदीत मुदत पुढच्या वर्षाच्या मार्चची असताना जूनमध्येच ‘शेवटची सूचना’ आली, तर ती कसली हे सांगायला नको.

तारीख बघताना एक खाच आहे. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री ते नाव आपोआप वर्षभर पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारला ते रद्द करायला ४५ दिवस देते. त्यामुळे मुदत उलटून गेल्यावर लुकअपमध्ये पुढच्या वर्षाची तारीख दिसू शकते, आणि आपण निर्धास्त होतो की पैसे भरले गेले. नोंदीत रजिस्ट्रीची तारीख आणि रजिस्ट्रारची तारीख वेगवेगळी असेल तर रजिस्ट्रारची खरी धरा. त्याहून चांगलं म्हणजे खात्यात लॉगिन करून बघा. समजा नूतनीकरण खरंच राहून गेलं आणि रजिस्ट्रारने नाव सोडून दिलं, तरी ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो. त्यात जास्तीचे पैसे भरून डोमेन परत मिळतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. ‘आज रात्री १२ वाजता डोमेन कायमचं जाईल’ ही धमकी म्हणूनच बहुतेक वेळा पोकळ असते.

पडताळणीचा ईमेल सर्वांत जास्त गैरसमजाचा. नवीन डोमेन घेतलं, किंवा मालकाचं नाव वा ईमेल बदलला, की रजिस्ट्रारला तुमचा संपर्क १५ दिवसांत पडताळून घ्यावा लागतो. आयकॅन आणि रजिस्ट्रार यांच्यातल्या २०१३ च्या करारापासून हा नियम आहे. त्यासाठी लिंक असलेला ईमेल येतो आणि ‘क्लिक न केल्यास डोमेन स्थगित होईल’ असं त्यात लिहिलेलं असतं. दिसायला सगळी लक्षणं फसवणुकीची, आणि तरी तो खरा असतो. दुर्लक्ष केलं तर वेबसाइट आणि त्या डोमेनवरचे ईमेल दोन्ही थांबतात. ओळख अशी: तुम्ही गेल्या दोन आठवड्यांत काही घेतलंय किंवा बदललंय का? नसेल तर शंका घ्या. घेतलं असेल तरी ईमेलमधली लिंक न दाबता खात्यात जा. तिथे पडताळणी बाकी असल्याची सूचना आणि ईमेल पुन्हा पाठवायची सोय बहुधा असते. ती दाबल्यावर लगेच आलेला ईमेल तुमच्याच सांगण्यावरून आलेला असतो. आणि नुसता ईमेल पत्ता पडताळायला कार्डाचा नंबर किंवा ओटीपी कधीच लागत नाही.

वर्षातून एकदा ‘तुमची माहिती बरोबर आहे का ते तपासा’ असाही एक ईमेल येतो. माहिती बरोबर असेल तर काहीच करायचं नसतं. पैसे मागत नाही, मुदत देत नाही. तसं काही मागत असेल तर तो हा ईमेल नव्हे.

ट्रान्सफरचा ईमेल मात्र आला की हातातलं काम बाजूला ठेवा. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याची विनंती झाली की सध्याचा रजिस्ट्रार तुम्हाला कळवतो, आणि पाच दिवसांत तुम्ही नकार दिला नाही तर ट्रान्सफर होऊन जाते. गप्प बसणं म्हणजे संमती, असा हा प्रकार. तुम्ही काही मागितलेलं नसताना हा ईमेल आला आणि तो खरा निघाला, तर कुणीतरी तुमच्या खात्यात शिरून डोमेनचं कुलूप काढलंय आणि ट्रान्सफरचा गुप्त कोडही मिळवलाय, असाच अर्थ होतो. खात्री कशी करायची? लुकअपमध्ये स्थिती बघा. ‘पेंडिंग ट्रान्सफर’ दिसलं तर लगेच रजिस्ट्रारला फोन. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ दिसलं तर डोमेनला कुलूप आहे आणि ते तसंच असायला हवं. नाव वाचून दचकू नका.

आता खास भारतातले दोन ईमेल. डॉट इन डोमेनसाठी केवायसी मागणारा ईमेल खरा असू शकतो, पण आधार किंवा पॅनचा फोटो ईमेलला जोडून कुणालाही पाठवायचा नाही. जे करायचं ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून. आणि ‘तुमच्या कार्डावरून पैसे कापता आले नाहीत’ हा ईमेल. जगभर हा भामट्यांचा आवडता, पण आपल्याकडे तो खराही निघतो. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांबाबतचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, आणि बँकेत रीतसर ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची नोंदवलेली परवानगी, नसेल तर परदेशी रजिस्ट्रारचं ‘ऑटो रिन्यू’ भारतीय कार्डावर अडकू शकतं. म्हणजे ऑटो रिन्यू चालू केलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. मुदतीच्या आधी खात्यात जाऊन पैसे खरंच गेलेत का ते बघायचं.

पायरी ३: ईमेल उघडून तपासा

समजा, तुमचं डोमेन ‘आमराई-होमस्टे डॉट कॉम’ आहे आणि हा ईमेल आलाय. पाठवणाऱ्याचं नाव ‘डोमेन सर्व्हिसेस’. विषय: ‘मुदत समाप्तीची अंतिम सूचना’, पुढे तुमच्या डोमेनचं नाव. आत बिलासारखा तक्ता, नोटीस क्रमांक, ‘एका वर्षासाठी ८६ डॉलर’ आणि भलंमोठं ‘सुरक्षितपणे पैसे भरा’ बटण. खाली, करड्या रंगात, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात चार ओळी.

पहिल्यांदा त्या चार ओळी वाचा. तिथे बऱ्याचदा खरं लिहिलेलं असतं: हे बिल नाही, हा प्रस्ताव आहे, ही डोमेनची नोंदणी नसून सर्च इंजिनमध्ये नाव घालण्याची सेवा आहे. म्हणजे संपतेय ती त्यांच्या ‘ऑफर’ची मुदत, तुमच्या डोमेनची नव्हे. गूगलवर दिसण्यासाठी कुणालाही असे पैसे द्यावे लागत नाहीत. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी ही तळटीप टाकलेली असते.

मग रक्कम. व्हेरिसाइन एका डॉट कॉमच्या वर्षभरासाठी रजिस्ट्रारकडून घेते तो घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. रजिस्ट्रार त्यावर आपला नफा आणि कर लावतात, त्यामुळे थोडाफार फरक असतोच. पण साध्या डॉट कॉमसाठी कुणी घाऊक दराच्या आठपट मागत असेल तर ते नूतनीकरण नाही.

आता पाठवणाऱ्याचा पत्ता. नाव काहीही ठेवता येतं, म्हणून नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडा आणि ‘ॲट’च्या पुढचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. ‘लॉगिन डॉट माझारजिस्ट्रार डॉट कॉम डॉट रिन्यू-सेवा डॉट शॉप’ यात मालक आहे ‘रिन्यू-सेवा डॉट शॉप’. त्याच्या डावीकडचं सगळं तो मनाला येईल तसं लिहू शकतो. शेवटी ‘सीओ डॉट इन’ असेल तर आणखी एक शब्द डावीकडे जा. बटणामागच्या लिंकलाही हाच नियम. संगणकावर माउस नुसता वर धरला की पत्ता दिसतो, फोनवर बोट दाबून धरलं की. रोमन लिपीतली आर आणि एन ही छोटी अक्षरं जोडून आली की एम वाटतात, आणि छोटा एल, एक आकडा आणि मोठा आय यांत फरक दिसत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा असतील तर ते रोमनखेरीज दुसऱ्या लिपीतलं नाव आहे. आपलं डॉट भारतसुद्धा आतून तसंच लिहिलं जातं, तेव्हा तेवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. पण रजिस्ट्रारचं इंग्रजी नाव असं लिहून आलं तर नक्की वाईट.

अजून खोलात जायचं असेल तर जीमेलमध्ये, संगणकावर, ईमेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजिनल’ उघडा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतील. ईमेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का, याच्या या तीन तपासण्या. रजिस्ट्रारच्या नावाने आलेल्या ईमेलमध्ये डीमार्कपुढे ‘फेल’ असेल तर त्याला हात लावू नका. ‘पास’ असेल तर एवढंच सिद्ध होतं की ईमेल ज्या डोमेनवरून आल्याचं म्हणतो तिथूनच आलाय. भामट्याने स्वतःचं डोमेन नीट बसवलं असेल तर त्यालाही तिन्ही ‘पास’ मिळतात. पासच्या शेजारचं डोमेन कुणाचं, हे वाचायला विसरायचं नाही.

बाकीचे फसवे प्रकार थोडक्यात. ‘एका कंपनीने तुमच्या नावाचं डॉट सीएन आणि डॉट एशिया मागितलंय, तुमची हरकत आहे का?’ हा चीनमधल्या नोंदणी कार्यालयाच्या नावाने येतो आणि फार सभ्य भाषेत असतो. खरं म्हणजे कुठलाही रजिस्ट्रार असं विचारत बसत नाही. जो आधी येईल त्याला नाव मिळतं. तुम्ही उत्तर दिलंत की तीच नावं चढ्या दराने तुमच्या गळ्यात मारतात. ‘तुमचं डोमेन मोठ्या किमतीला घ्यायचंय, फक्त आधी या ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा’ यात खरेदीदार आणि प्रमाणपत्रवाला एकच असतो. ‘तक्रारीमुळे डोमेन स्थगित, अहवाल जोडला आहे’ यातला अहवाल उघडायचा नाही, त्यात व्हायरस असू शकतो. स्थगिती खरी असेल तर लुकअपमध्ये ‘होल्ड’ असा शब्द दिसतो आणि वेबसाइट उघडत नाही. आणि हे फक्त ईमेलनेच होतं असं नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका या कंपनीवर कारवाई केली ती टपालाने पाठवलेल्या कागदी पत्रांवरून. नूतनीकरणाचं वाटणारं पत्र भरून पाठवलं की लोकांचं डोमेन नकळत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं.

पायरी ४: ईमेल बाजूला ठेवा, खात्यात स्वतः जा

ईमेल खरा वाटो वा खोटा, शेवटचं पाऊल तेच. ब्राउझरमध्ये रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क वापरा. गूगलवर नाव शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका, जाहिरातीही फसव्या असतात. खात्यात मुदत, पैसे, पडताळणी, ट्रान्सफर यांपैकी खरंच काही बाकी असेल तर तिथे दिसेलच. दिसलं नाही आणि तरी मनात शंका उरली, तर खात्यातल्या मदतीच्या पानावरून विचारा, ईमेलमध्ये छापलेल्या नंबरवरून नव्हे. रीसेलरकडून घेतलं असेल तर त्याला फोन करा.

लिंकवर पासवर्ड टाकून बसला असाल तर

लगेच खात्यात जाऊन पासवर्ड बदला आणि टू-स्टेप पडताळणी चालू करा. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर आधी ईमेलचा बदला, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात डोमेन. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर तिथे गुपचूप नियम घालून रजिस्ट्रारचे इशारे तुमच्यापर्यंत पोचू देत नाहीत. मग रजिस्ट्रारच्या खात्यात मालकाचा ईमेल, नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या वेबसाइटकडे न्यायचं हे ठरवणारे सर्व्हर) आणि ट्रान्सफरचं कुलूप तपासा. काही बदललेलं दिसलं तर रजिस्ट्रारला फोनही करा आणि लेखीही कळवा. ट्रान्सफर होऊन गेली असली तरी हात-पाय गाळू नका: एकदा हललेलं डोमेन साधारणपणे ६० दिवस पुन्हा तिसरीकडे हलवता येत नाही, आणि त्या काळात दोन्ही रजिस्ट्रारकडे तक्रार करता येते. कार्डाची माहिती दिली असेल किंवा पैसे गेले असतील तर बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच रोखले जाण्याची शक्यता जास्त.

आताच करून ठेवायची एक गोष्ट

रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. अनेक जण हौसेने तोच देतात. डोमेनची मुदत संपून ते बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद, आणि मुदत संपल्यावर येणारी सूचना कुठेच पोचत नाही. जीमेलसारखा वेगळा पत्ता ठेवा आणि तो वेबसाइटवर कुठेही छापू नका. मग संपर्काच्या पत्त्यावर डोमेनबद्दल काहीही आलं तरी न उघडता स्पॅममध्ये टाकता येतं. पत्ता बदललात की १५ दिवसांच्या मुदतीचा पडताळणीचा ईमेल त्या नव्या पत्त्यावर येईल. तो खरा असेल.